बेहडवाही रिठीकडे जाणारी रेघ

मी एक रेघ बोलतेय. वहीतली नाही, शेताच्या धुऱ्यावरची नाही, तळहातावरची तर नाहीच. संगणकात दोन तक्ते शेजारी शेजारी मांडलेले असतात, त्या दोघांना जोडणारी बारीकशी राखाडी रेघ मी. माझ्या एका टोकाला एकाचा आकडा, दुसऱ्या टोकाला 'अनेक' सांगणारी चांदणी आणि मधोमध एक इवलासा बाण. एवढाच माझा साजशृंगार.

मला पाहायचं तर पडद्याच्या डाव्या कडेला तीन चिन्हं आहेत, त्यांतल्या सर्वांत खालच्यावर टिचकी मारावी लागते. तशी ती कोणी मारत नाही. माणसांचा जीव वरच्या पानात रमतो. तिथं लाल-हिरवे खांब असतात, नकाशावर ठिपके असतात. साहेब लोक त्या खांबांकडे बघून माना हलवतात, पण ते खांब कोणाच्या जिवावर उभे आहेत हे विचारत नाहीत. मी रागावलेली नाही. तीन वर्षं इकडून तिकडे धावून दमले आहे, म्हणून जरा बोलत बसले.

माझा जन्म गडचिरोलीच्या जंगलातल्या एका तालुक्याच्या आरोग्य कचेरीत झाला. मे महिना होता आणि कूलरमध्ये पाणी नव्हतं. मला जन्म दिला तो रंजीताने. ती तिथली कंत्राटी डेटा ऑपरेटर. चंद्रपूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती, उरलेलं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली होती. अकरा महिन्यांची ऑर्डर, बारावा महिना देवाच्या हवाली, अशी तिची नोकरी.

तिच्यासमोर दोन तक्ते होते. एकाचं नाव 'गावे'. त्यात तालुक्यातलं प्रत्येक गाव, त्याचा क्रमांक, त्याची लोकसंख्या. दुसऱ्याचं नाव 'रक्तनमुने'. ताप आलेल्या माणसाचं बोट टोचून काचेच्या पट्टीवर थेंब घेतात, तो थेंब कोणाचा, वय किती, मलेरिया निघाला की नाही, हे सगळं त्यात. गावाचं नाव मात्र त्यात नसे, नुसता क्रमांक असे. रंजीताने पहिल्या तक्त्यातला गाव क्रमांक माउसने उचलला, ओढत नेला आणि दुसऱ्यातल्या गाव क्रमांकावर सोडला. झाला माझा जन्म. ना सुईण, ना बारसं.

पण जन्मतःच मी अधू निघाले. यादीत काही गावं दोन-दोनदा आली होती, त्यामुळे माझ्या दोन्ही टोकांना चांदणीच उमटली. गावाकडच्या टोकाला 'एक' हवा. गाव एक आणि त्याचे नमुने अनेक, असा माझा धर्म आहे. म्हणून रंजीता यादी साफ करायला बसली आणि तिच्या मागे खुर्ची ओढून गुणवंतराव बसले.

गुणवंतराव म्हणजे कचेरीतले सांख्यिकी सहायक. तीस वर्षांच्या नोकरीत तालुक्यातलं गाव न् गाव पायाखाली घातलेलं. यादीवरून बोट फिरवता फिरवता त्यांना मधूनमधून एखाद्या नावापुढे 'रिठी' लिहिलेलं दिसू लागलं. आमच्या भागात रिठी म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही, तरी दुरून आलेल्यांसाठी सांगते. कधी पटकी येते, कधी वाघ माजतो, कधी विहिरीचं पाणी तुटतं आणि गावचं गाव उठून दुसरीकडे जातं. माणसं जातात, पण सरकारी कागदावर गाव राहतं. त्याची हद्द राहते, क्रमांक राहतो, एखादी विहीर नि चिंचेचं झाड राहतं. लोकसंख्या शून्य. त्या जागेला रिठी म्हणतात.

"ह्या रिठ्या काहाले ठेवतं, बाई?" गुणवंतराव म्हणाले. "तिथी माणूसच नाई, तं ताप कोणाले येईन? काढून टाक."

रंजीताने काढून टाकल्या. एकूण एक्केचाळीस होत्या. दोनदा आलेली गावंही निघाली, माझ्या टोकाला 'एक' आला, आणि मी धडधाकट झाले. त्या दिवशी आम्ही तिघंही खूश होतो, हे मी खोटं सांगणार नाही.

मग कामाला जुंपले. वरच्या पानावर कोणी एखाद्या गावावर टिचकी मारली, की मी त्या गावाचा क्रमांक घेऊन दुसऱ्या टोकाला पळायचं, त्याचे सगळे नमुने गोळा करायचे आणि खांब उभा करून द्यायचा. साहेबांना सवय अशी, की बोलता बोलता उगाच माउस टिचकवत राहायचं. दहा मिनिटांच्या बैठकीत मी साठ गावं फिरून यायची. बैठकीत वाद व्हायचा तो मात्र खांबाचा लाल रंग जास्त भडक झाला का यावर.

माझ्या शेजारी एक तुटक रेघ राहायची. रंजीताने नंतर तारखांचा तिसरा तक्ता आणला, त्याच्याकडे जाणारी ती. नमुना घेतल्याच्या तारखेऐवजी तपासणीच्या तारखेसाठी दुसरी रेघ ओढली तेव्हा हिला बाजूला बसवलं, तेव्हापासून ती ठिपक्याठिपक्यांची. रेघ पुसत नाहीत, नुसती बंद करून ठेवतात, असं ती म्हणायची. मला तिची कीव यायची. आपल्यावर कधी ही पाळी येईल असं धावत्या माणसाला वाटत नाही, तसं रेघेलाही वाटत नाही.

पहिल्याच पावसाळ्यात मला ठेच लागली. नमुन्यांच्या तक्त्यात दोनशे सतरा क्रमांकाचे सहा नमुने आले. मी ते घेऊन गावांच्या तक्त्याकडे गेले, तर तिथं दोनशे सतरा क्रमांकाचं कोणी नाही. मी नमुने टाकून देऊ शकत नाही आणि दुसऱ्याच्या दारात ठेवू शकत नाही. अशा वेळी आम्हा रेघांची एकच रीत आहे. खांबांच्या रांगेत शेवटी 'रिकामे' नावाचा एक खांब उभा राहतो, बेवारशी नमुने त्यात घालायचे. मी घातले. पुढं एकोणीस झाले. त्यांत मैनी नावाच्या एका पाच वर्षांच्या मुलीचं नाव होतं.

तो बिननावाचा खांब साहेबांना एका बैठकीत खुपला. हा कशाचा, असं त्यांनी विचारलं. खालच्या लोकांनी नंबर चुकीचे लिहिले असतील अशी गुणवंतरावांनी सारवासारव केली आणि बैठक संपल्यावर रंजीताला म्हणाले, की तेवढा दिसू देऊ नकोस, चारचौघांत बरं दिसत नाही. जरा तपासून पाहू का, असं रंजीता म्हणाली खरी. पण टेबलावर चारशे अर्ज टायपायचे पडले होते. तिने एक टिक काढली आणि खांब दिसेनासा झाला. तो पडद्यावरून गेला, माझ्या डोक्यावरून उतरला नाही. मी रोज त्यात नमुने घालत राहिले.

या सगळ्यात कोणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. ते असतं तर मला रागावता तरी आलं असतं.

अशी तीन वर्षं सरली. यंदाच्या मे महिन्यात मच्छरदाण्यांची यादी करायची होती. ज्या चाळीस गावांत ताप जास्त, तिथं पावसाआधी मच्छरदाण्या जायच्या. रंजीताने माझ्याकडून खांब उभे करवून घेतले, वरचे चाळीस उतरवले, साहेबांची सही झाली. गुरुवारी गाडी निघायची होती. गुणवंतरावांच्या निवृत्तीला अकरा दिवस उरले होते आणि रंजीताची नवी ऑर्डर जूनमध्ये निघायची होती. दोघांनाही हे दिवस बिनबोभाट जायला हवे होते.

मंगळवारी लालसू आला. लालसू हा आरोग्य सेवक, माडिया माणूस, कमी बोलणारा. मोटारसायकलवरून पन्नास किलोमीटर आला होता, पानाच्या द्रोणात टेंभरं, म्हणजे तेंदूची पिवळी फळं, आणली होती. ती त्याने रंजीताच्या टेबलावर ठेवली आणि त्याच्या भागातल्या दसरूटोला या वस्तीचं नाव मच्छरदाण्यांच्या यादीत का नाही ते विचारलं.

गुणवंतराव त्याच्यावर उखडले. टोल्याचं वेगळं नाव यादीत नसतं, टोला मोठ्या गावात धरतात, एवढं तुला इतक्या वर्षांत कळलं नाही का, म्हणाले. शिवाय त्या बाजूने एकही मलेरियाचा नमुना दिसत नाही, तू पट्ट्या तरी काढतोस की घरी बसून रजिस्टर भरतोस, असंही म्हणाले. कामचुकारपणाची नोटीस काढतो म्हणाले आणि बाहेर चहाला गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी समोर पाहत होते, पण रेघेला तोंड कुठलं?

लालसूने पिशवीतून रजिस्टर काढलं. त्याचे कोपरे दुमडले होते, पानापानावर अंगठे होते.

"रंजीताबाई, तीन सालात मी दीडशे पट्ट्या धाडलो. एक्केचाळीस लोकायले मलेरिया निंगाला, तुमच्याच लॅबचा कागद हाये. गोळ्या मी माह्या हातानं खाऊ घातलो." मग त्याने पान उलटलं. "दसरूची नातीण हाये, मैनी. सात सालाची. तीन डाव झाला तिले. नाला भरला का आमी चार महिने पलीकडं. चवथ्या डावाले मी तिले कुठी नेऊ? मच्छरदानी नको देऊ, पण त्या पट्ट्या गेल्या कुठी, एवढं सांग."

रंजीताने खुर्ची पुढं ओढली. तिने रजिस्टर उघडलं. प्रत्येक ओळीत गाव क्रमांक दोनशे सतरा. तिने वरच्या पानावर दोनशे सतरा शोधला, सापडला नाही. कपाळावरचा घाम ओढणीने पुसला. आणि मग, किती दिवसांनी, तिने डाव्या कडेच्या सर्वांत खालच्या चिन्हावर टिचकी मारली.

तक्ते समोर आले. आम्ही रेघा समोर आलो. तिने माउस माझ्यावर आणून ठेवला. माझ्यावर माउस ठेवला की मी जाड होते आणि माझ्या दोन्ही टोकांचे रकाने उजळतात, कोण कोणाला जोडलंय ते दिसावं म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली. खरं सांगते, मला रडू आलं असतं. जन्मापासून कोणी माझ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

तिने आधी चांदणीच्या टोकाचा तक्ता उघडला आणि दोनशे सतरा शोधला. नमुने धडाधड समोर आले. दीडशे. सगळे तिनेच टायपलेले होते, दिवसाला चारशे आकडे टायपताना हे आकडे तिच्याच बोटांखालून गेले होते. मग तिने एकाच्या टोकाचा तक्ता उघडला. दोनशे सोळा होता, दोनशे अठरा होता, मधला नव्हता. घोडं कुठं पेंड खातं ते तिला कळलं. ती उठली, कपाटातून तीन वर्षांपूर्वीची कागदावरची मूळ यादी काढली आणि बोट ठेवून वाचली.

"लालसूभाऊ," ती म्हणाली, "दसरूटोला म्हंजे बेहडवाही रिठी का?"

"तुमी दसरूटोला म्हंता. आमी बेहडवाहीच म्हंतो." लालसूने मग सावकाश सांगितलं. डोंगरावरच्या गावात पाणी तुटलं तेव्हा दसरू अठरा घरं घेऊन खाली उतरला. आजोबाचं जुनं गाव तिथंच होतं, विहीर शाबूत होती, ती उपसून घेतली. तलाठ्याच्या जुन्या कागदावर गावाचा क्रमांक होता, तोच लालसू इमानाने प्रत्येक पट्टीवर लिहीत आला होता. दुसऱ्या कोणाच्या गावचा क्रमांक कसा टाकणार, म्हणाला.

तेवढ्यात गुणवंतराव चहा घेऊन परतले. रंजीताने त्यांना कागद दाखवला.

"बेहडवाही? ते तं रिठी हाये," ते म्हणाले.

"होती, भाऊ," लालसू म्हणाला. "आता अठरा चुली पेटते तिथी."

गुणवंतरावांनी चहाचा कप टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, यादीवर साहेबांची सही झाली आहे, आता उकरलं तर तीन वर्षांचे खांब खोटे ठरतील, जाताजाता माझ्या नावाला बट्टा आणि तुझ्या ऑर्डरवर गदा, पुढच्या वर्षी आपण गुपचूप घालू. ते वाईट माणूस नव्हते. नोकरीच्या शेवटच्या दिवसांत माणूस जसा घाबरतो तसे घाबरले होते. रंजीताही घाबरली होती.

"भाऊ, तुमी सांगले, पण काढली मीच," ती म्हणाली. "तं टाकाले बी मलेच लागन."

तिने नुसती बेहडवाही टाकली नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस रिठ्या एकेक करून पुन्हा यादीत बसवल्या. लालसू उभाच होता. तिने त्याला बसायला सांगितलं, तो भिंतीला टेकून खाली बसला. मग तिने लपवलेल्या खांबाची टिक परत लावली आणि रिफ्रेशचं बटण दाबलं.

मी दोनशे सतराचे नमुने उचलले आणि नेहमीच्या सवयीने रिकाम्या खांबाकडे वळणार, तोच पलीकडून कोणी तरी टोक धरलं. तीन वर्षं मी ज्या दारावरून परत फिरत होते ते दार उघडं होतं. एकेक नाव मी आत ठेवलं. मैनी, वय पाच. मैनी, वय सहा. मैनी, वय सात. पडद्यावर बेहडवाही रिठीचा खांब उभा राहिला, तो चाळिसांत सहावा होता.

आणि तो एकटा नव्हता. आणखी दोन रिठ्यांचे खांब उभे राहिले होते. एकीत मलेरियाची सात माणसं, दुसरीत चार.

गुणवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तिथी बी लोकं हाये का?" त्यांनी विचारलं.

"हाये न," लालसू म्हणाला. "कोणी विचारलंच नाई."

गुणवंतरावांनी त्या पानाची छापील प्रत काढून घेतली आणि स्वतःच साहेबांच्या खोलीत गेले. आत काय झालं मला माहीत नाही, मी या संगणकाबाहेर जाऊ शकत नाही. अर्ध्या तासाने आले तेव्हा यादीवर पेनाने तीन नावं वाढवलेली होती आणि शेजारी नवी सही होती. त्यांचा चेहरा उतरला होता. लालसूला म्हणाले, गुरुवारची वाट कशाला बघतोस, दोन गठ्ठे आत्ताच मोटारसायकलला बांध. मग द्रोणातलं एक टेंभर उचलून तोंडात टाकलं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. नोटिशीचं नाव पुन्हा निघालं नाही.

माझी गोष्ट इथं संपायला हवी होती. पण माझ्यासारखीला गोष्टीचा शेवट लवकर कळत नाही. पावसाळा लागला, नाला भरला. श्रावणात बेहडवाहीच्या नऊ पट्ट्या आल्या, एकीत मलेरिया निघाला. मैनीचं नाव त्यांत नव्हतं. भाद्रपदात तर काहीच आलं नाही. माझ्याकडे तापलेल्या माणसांचीच नावं येतात. बरं झालेलं माणूस आणि गेलेलं माणूस, दोघंही माझ्याकडे सारखेच गप्प असतात. रंजीता अधूनमधून दोनशे सतरावर टिचकी मारायची, नावं वर-खाली करून बघायची आणि बंद करायची. तीही तेच शोधत होती, हे मला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर एका आश्रमशाळेतल्या सगळ्या मुलांची तपासणी झाली, ताप असो वा नसो. तिथला गठ्ठा आला. रंजीता नेहमीसारखी भराभर टायपत होती. एका ओळीवर तिचा हात थांबला. नाव मैनी. गाव क्रमांक दोनशे सतरा. मलेरिया नाही. वय आठ.

रंजीताने ती ओळ टायपली आणि पुढची घेतली. मी ती ओळ घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. एवढं हलकं ओझं मी आजवर उचललं नव्हतं.

आता माझं सांगते. गुणवंतराव निवृत्त झाले, पण दर मंगळवारी येऊन बसतात आणि आठवून आठवून, माणसं धाडून धाडून टोल्यांची नावं लिहून देतात. रंजीताची ऑर्डर दोन महिने उशिरा निघाली, पण निघाली. दोघांनी मिळून 'वस्त्या' नावाचा नवा तक्ता केला. त्यात टोले आहेत, रिठ्यांवरची घरं आहेत, चार चुलींचा पाडासुद्धा आहे. गावांचा तक्ता त्याला जोडला, त्यातून नमुन्यांकडे नवी रेघ गेली आणि एकाच ठिकाणी दोन वाटांनी जाता येत नाही म्हणून रंजीताने मला बंद केलं. पुसलं नाही. शेजारणीसारखी मीही आता ठिपक्याठिपक्यांची झाले. दोघी बसतो गप्पा मारत.

वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही. बेहडवाहीची पट्टी आली की अजून हात पुढं होतो, मग आठवतं की ते काम आता दुसरीचं आहे. ती माझ्यापेक्षा जास्त दारं ठोठावते, तिलाच ते शोभतं.

तुमच्याही पडद्यावर खांब असतील. त्यांत कुठं एखादा बिननावाचा दिसला, तर लपवण्याआधी एकदा खालच्या चिन्हावर टिचकी मारा आणि रेघ कुठं जाऊन थांबते ते बघा. तिथं काही नाही असं कोणी छातीठोक सांगितलं, तरी बघा.

मी अखंड होते तेव्हा बेहडवाहीची शेवटची जी ओळ पोचवली, ती मैनीची. वय आठ. ती नीट पोचली. आता मी जरा पाठ टेकते.